दोन डोळ्यांची कांडी

आमच्या तात्यांच्या घरी गेलं की आधी पाणी मिळत नाही, बांध मिळतो. पायातले बूट काढायच्या आत ते म्हणतात, "आलाच हायस तर जरा रानातनं जाऊन येऊ." हे 'जरा' दीड तासाचं असतं. काकी आतून ओरडतात, "आवो, पोराला च्या तरी घिऊ द्या!" त्यावर तात्यांचं उत्तर ठरलेलं. "च्या कुठं पळतुया? तिकडं गवात वाढतंय."

जणू आपण पाच मिनिटं उशिरा पोचलो तर ते बघायला मिळायचं नाही.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचं खरं नाव मी सांगत नाही, कारण त्याचा उपयोग नाही. खानापूर-आटपाडीकडच्या कुठल्याही गावात एसटीतून उतरा आणि "वैरणवाल्यांचं घर कुठलं?" असं विचारा. लोक हसून ज्या घराकडे बोट दाखवतील त्या घरात तात्याच राहतात. मिशा असतील किंवा नसतील, टोपी असेल किंवा टॉवेल गुंडाळलेला असेल, बाकी माणूस तोच. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी गवताची कांडी. बाहीला चार कुसळं. आणि कोणतीही हिरवी गोष्ट दिसली की डोळ्यांत दोनच प्रश्न: गाय खाईल का, आणि कितव्या दिवशी कापायचं?

टीव्हीवर क्रिकेटचा सामना लागलेला असला तर तात्या धावसंख्या बघत नाहीत. "एवढं मोठं रान," ते हळहळतात, "आन् एक शेरडू न्हाई." स्वित्झर्लंडच्या कुरणात नायक-नायिका गाणं म्हणत पळत होते, तेव्हा सगळं घर नायिकेकडे बघत होतं. तात्या म्हणाले, "ह्यो बाबा मधनं बाजूला झाला तर गवात तरी दिसंल."

त्यांच्या रानात ज्वारी आहे, डाळिंबाची चार झाडं आहेत, पण ती पाहुण्यांना दाखवत नाहीत. दाखवायचं ते नेपियर. बाजरी आणि हत्तीगवत यांचा हा संकर. बिया धरत नाही, म्हणून ठोंबं लावायची नाहीतर उसासारख्या कांड्या. तात्या ही सोयरीक अशी सांगतात की वरपक्षाची बाजू त्यांनी स्वतः मांडली होती असं वाटावं. "बापाची ताकद घेतली, आईची गोडी घेतली. बाजरी नाजूक, दर साली पेरा. हत्तीगवात रांगडं, पानाला लव, गाय तोंड फिरवती. दोघांचं लगीन लावलं, झालं काम."

मग त्या लग्नातून झालेली मुलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या वाणांची नावं यशवंत, जयवंत, गुणवंत अशी आहेत. नावाआधी 'फुले' लागतं. तात्या घरातल्या माणसांना आडनावाने हाक मारत नाहीत, म्हणून यांनाही मारत नाहीत. एकदा गावात नवीन आलेल्या पोस्टमनने त्यांना फोनवर बोलताना ऐकलं. "यशवंत काढून टाकला. म्हातारा झालता. आता जयवंत लावलाय. न्हाई न्हाई, गुणवंत अजून लहान हाय, गुडघ्याएवढा." पोस्टमनला बरेच दिवस वाटत होतं की या घरात तीन मुलगे आहेत आणि थोरल्यावर फार अन्याय झाला आहे.

राहुरीवर भागेना तेव्हा कोइमतूरचा को-4 आला. पाठोपाठ धारवाडचा डीएचएन-6, उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी स्थापन केलेल्या बाएफचा बीएनएच-10. तात्यांनी आयुष्यात पंढरपूर सोडून कुठली यात्रा केली नाही, पण त्यांच्या बांधावर निम्मी दक्षिण भारत यात्रा उभी आहे. त्यानंतर थायलंडचा पाकचाँग आला. हे नाव ते कधीच नीट म्हणत नाहीत. 'पाकचंद' म्हणतात, आणि तो मारवाडी असावा असा काकींचा समज आहे. आता कुणीतरी '4जी बुलेट' नावाचं गवत विकतंय. गावात मोबाइलला एक काडी येते, तीही देवळाच्या पायरीवर उभं राहिलं तर. पण तात्यांच्या वावरात 4जी आहे.

या नादाचा आरंभ कुठे, हे त्यांना विचारून कळत नाही. एकदाच, कडब्याची गंजी रचताना, आपणहून बोलले होते. 1972च्या दुष्काळात ते दहा-अकरा वर्षांचे होते. शेवटी छपरावरचं पाचट ओढून खिल्लार बैलांच्या पुढे टाकलं होतं. पाचट संपलं तेव्हा खोंडं खरसुंडीच्या बाजारात नेली. "त्या साली पाऊस आला आसता तर थेट चुलीतच पडला आसता," असं म्हणून ते हसले आणि खालून पेंढी द्यायला सांगितली. मी पेंढी दिली. पुढे काही बोलणं झालं नाही.

पण तेव्हापासून या माणसाला हिरव्या गोष्टीची भूक लागली ती लागलीच. 1980च्या दशकात सुबाभूळ आली. लोक तिला कल्पवृक्ष म्हणत; जळण, चारा, खत सगळं एका झाडात. तात्यांनी बांधभर लावली. वाढली अशी की शेजाऱ्याच्या रानात सावली गेली आणि भांडण तलाठ्यापर्यंत. सुबाभळीचा पाला एकूण वैरणीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घालू नये, असं तेव्हाही सांगत होते. तात्यांनी 'जास्त' एवढाच शब्द ऐकला. महिन्या-दोन महिन्यांत म्हशीच्या शेपटीचा गोंडा झडला. त्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, ते केसांच्या मुळावर येतं. म्हैस बिनगोंड्याची शेपटी हलवत गोठ्यात उभी असायची, माश्या निवांत बसायच्या, आणि गावातली पोरं केवळ ती बघायला यायची.

यातली गंमत पुढेच आहे. तीसेक वर्षांनी नातवाने तात्यांना मोबाइलवर एक गोष्ट वाचून दाखवली. हवाई बेटांवरच्या शेळ्या हाच पाला पोटभर खातात आणि त्यांना काही होत नाही, हे रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. त्या शेळ्यांच्या पोटात ते विष पचवणारे जिवाणू होते. ते त्याने ऑस्ट्रेलियात नेऊन गाईंच्या पोटात सोडले, आणि त्या गाईही सुबाभूळ खाऊन धडधाकट राहिल्या. तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी आमची चूक पाल्याची नव्हती. हवाईची शेरडं आणाय पायजे हुती."

काकींनी त्या रात्री त्यांच्या हातात मोबाइल दिला नाही.

तात्यांचा एकच मोठा दोष आहे, तो म्हणजे उंची. नेपियरची पहिली कापणी साधारण दोन-सव्वादोन महिन्यांनी आणि पुढच्या कापण्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी करायच्या, जमिनीपासून वीतभर ठेवून. त्यापुढे पान कमी, दांडा जास्त. प्रथिनं उतरतात, चोथा वाढतो. हे तात्यांना तोंडपाठ आहे. दुसऱ्यांना ते हेच सांगतात. पण स्वतःच्या रानात पंचेचाळिसावा दिवस आला की त्यांचा हात विळ्याकडे जात नाही, मोबाइलकडे जातो. गवत डोक्याच्या वर गेलं की फोटो. हात वर केला तरी शेंडा लागत नाही, असा फोटो. मग नातवाला खांद्यावर घेऊन फोटो. मागच्या वर्षी नातवाच्या हातात केरसुणी देऊन फोटो काढला, आणि तरीही शेंडा वरच होता. तो फोटो सगळ्या तालुक्यात फिरला. खाली लिहिलं होतं, 'एकरी 200 टन.' विद्यापीठ आकडा हेक्टरी देतं, तात्या तोच एकरी सांगतात. हेक्टरात अडीच एकर असतात ही गोष्ट त्यांना मान्य आहे, पण गवताच्या बाबतीत नाही.

एवढं उंच गवत गाईपुढे टाकलं की गाय शेंड्याची पानं खाते आणि खालचा दांडा गव्हाणीत तसाच ठेवते. काकी ते दांडे गोळा करतात. काही वालाच्या वेलाला, काही चुलीला. "लोकांचं गवात जनावर खातंय," त्या म्हणतात, "आमचं गवात कॅमेरा खातुया." खरं तर दूध संकलन केंद्रावर दुधाची पावती काकींच्या हातात पडते, त्यामुळे गवत कधी कापायला हवं होतं ते त्यांना तिथेच कळतं. मग एखाद्या पहाटे, तात्या देवळात गेलेले असताना, काकी गड्याला घेऊन चार सऱ्या कापून टाकतात. तात्या परत येतात, मोकळी जागा बघतात, आणि घरात मौताचं वातावरण पसरतं. तीन दिवसांनी तिथे नवे फुटवे दिसले की बोलणं सुरू होतं.

मधल्या काळात अझोलाचा खड्डा झाला. शेण, माती, पाणी, वर ती हिरवी शेवाळासारखी वनस्पती. ती धुऊन पेंडीत मिसळून घालायची असते. तात्यांनी न धुता घातली. गाईने हुंगून तोंड फिरवलं, कोंबड्यांनी मात्र खड्ड्याला घरच केलं. मग आली ट्रेमधली मातीविना वैरण. मका भिजवायचा, ट्रेमध्ये पसरायचा, पाणी शिंपडायचं, आठव्या दिवशी हिरवीगार गादी. ट्रे ठेवायला सावलीची दमट जागा लागते, आणि घरात अशी जागा एकच होती. महिनाभर सगळं घर विहिरीवर अंघोळ करत होतं. एक किलो मक्याची सात किलो वैरण होते, हे तात्या दारावरच्या माणसालाही सांगायचे. शेवटी एक पशुवैद्य आले. त्यांनी ती गादी हातात घेतली, पिळली आणि विचारलं, "तात्या, पाणी काढून टाकलं तर काय राहतं?" मका उगवताना स्वतःचंच पिठूळ खातो, त्या सात किलोंतला कोरडा भाग पेरलेल्या एक किलो दाण्यांपेक्षा थोडा कमीच भरतो. म्हणजे आठ दिवस वीज, पाणी आणि अंघोळ खर्चून तात्यांनी मक्याला पाणी पाजलं होतं. ट्रे आता काकींकडे आहेत. त्यात सांडगे वाळतात.

मुरघासाचं प्रकरण मात्र वेगळं. त्यात तात्यांना मी हसत नाही, कारण ते त्यांना खरोखर येतं. मका चिकात आला की कापायचा, कुट्टी करायची, मूठभर घेऊन दाबायची. मूठ उघडल्यावर गोळा फुटला पाहिजे पण लगेच विस्कटता कामा नये, हाताला ओल लागली पाहिजे पण पाणी गळता कामा नये. मग थरावर थर आणि वर माणसं. हवा राहिली की बुरशी. बॅगेत उतरून तुडवायला गल्लीतली सगळी पोरं येतात आणि तात्या वरून ताल धरतात. पंचेचाळीस दिवस तोंड बंद. ते उघडण्याचा समारंभ असतो. आंबटगोड वास आला की जमलं, कुजका वास आला की वर्षभर त्या विषयाला बंदी.

याच वासाने तात्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या चुलतबहिणीचं, एक स्थळ गेलं. पाहुणे पुण्याचे, मुलगा संगणकात. पोहे व्हायचे होते. तात्या म्हणाले, "तवर जरा मागं जाऊन येऊ." मागे नेऊन त्यांनी मूठभर मुरघास मुलाच्या नाकाशी धरला. "काय वास येतो सांगा." मुलाने रुमाल काढला. मुलाच्या वडिलांनी घड्याळ बघितलं. पाहुणे गेल्यावर काकी तीन तास बोलत होत्या. तात्यांचं म्हणणं एवढंच, "नाक धड न्हाई त्या पोराचं." बहीण आत बसून हसत होती, तिचं दुसरीकडे ठरलेलं होतं, हे नंतर कळलं. त्या दुसऱ्या जावयाच्या घरी आज वीस गाई आहेत आणि तात्या तिथून चार दिवसांच्या आत परत येत नाहीत.

आणि तरी, या माणसाला गावात हसतात तेवढंच विचारतातही. एका ऑगस्टात पावसाने दडी मारली होती. शेजारच्या वाडीतली गाय दावं तोडून गुडघाभर, कोमेजलेल्या ज्वारीत शिरली. मालक खूश, फुकटची हिरवी वैरण. तात्या रस्त्याने चालले होते. त्यांनी गाय बघितली आणि जे पळाले ते मी त्या वयाच्या माणसाला पळताना बघितलेलं नाही. कोवळ्या ज्वारीत, त्यातही पाण्याच्या ताणावर असलेल्या, एक द्रव्य असतं. त्यातून गाईच्या पोटात सायनाइड सुटतं, आणि गाय तासाभरातही जाऊ शकते. फुलोऱ्याच्या आत ज्वारी कापू नये ती याचसाठी. तात्यांनी गाय बाहेर ओढली, तिचा श्वास लागलेला बघितला, डॉक्टरांना फोनवर नेमकं काय झालंय ते सांगितलं. डॉक्टर योग्य ते इंजेक्शन घेऊनच आले. गाय वाचली. मालकाने तात्यांना नारळ दिला. तात्यांनी त्याला चार ठोंबं दिली.

चारा छावण्यांच्या दिवसांतही असंच. टेंभू उपसा योजनेचं पाणी तेव्हा आमच्या गावाला पोचलेलं नव्हतं. 2012-13च्या दुष्काळात छावणीत जनावरांना ऊस आणि उसाचे वाढे. वाढ्यांतलं ऑक्झॅलेट शरीरातला चुना बांधून टाकतं, जनावरं ढिली पडतात. त्यावर चुन्याची निवळी पाजतात. तात्या दावणीदावणीने हे सांगत फिरत होते. एका म्हातारीने विचारलं, "चुना कुठला आणू?" तात्यांनी कमरेची चंची सोडली, तंबाखू बाजूला काढला आणि डबी तिच्या हातात ठेवली. त्यानंतर दोन दिवस ते विनातंबाखूचे होते आणि कुणाशी धड बोलले नाहीत. छावणीतल्या जनावरांसाठी त्यांनी केलेला हा सर्वांत मोठा त्याग, असं काकी अजून म्हणतात.

गेल्या डिसेंबरात तात्या पुण्याला माझ्याकडे आले. मोतीबिंदू. एसटीतून उतरले तेव्हा एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटात बांधलेला भारा. भाऱ्याचं तिकीट मागितलं म्हणून कंडक्टरशी वाद झाला होता. "लगेज न्हाई, ह्ये जितं हाय," असं त्यांचं म्हणणं. मग कंडक्टर म्हणाला, जितं असेल तर अर्धं तिकीट काढा.

भारा डॉक्टरांसाठी होता. नेपियरच्या कांड्या. डॉक्टर तरुण, भले. त्यांनी हात जोडून सांगितलं की ते चौथ्या मजल्यावर राहतात. तात्यांना ते पटलं नाही, पण डोळा त्यांच्याच हातात होता. शस्त्रक्रिया वीस मिनिटांत झाली. डोळ्यावर पट्टी. पंधरा दिवस खाली वाकायचं नाही, डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. तात्या सगळ्याला हो म्हणाले.

परतीच्या रिक्षात ते पट्टीच्या बाजूला मला बसवून उघड्या डोळ्याने रस्ता बघत होते. एका चौकापुढे दुभाजकावर जांभळट तुऱ्यांचं शोभेचं गवत ओळीने लावलं होतं.

"थांब, थांब!" रिक्षावाल्याने घाबरून ब्रेक मारला. मी काही म्हणायच्या आत तात्या उतरले, वाहनं चुकवत दुभाजकापर्यंत गेले, डॉक्टरांची आठवण ठेवून न वाकता गुडघ्यात बसले, आणि एक पान तोडून गालावरून फिरवत परत आले.

"नेपियरचाच भाऊबंद हाय," बसता बसता म्हणाले. "पण पानाला काच हाय. गाय खायाची न्हाई. कुणी लावलं ह्ये?"

"महापालिकेने," मी म्हणालो.

"कशासाठी?"

"बघायला."

तात्या माझ्याकडे एका डोळ्याने बघत राहिले. केरसुणीवाल्या फोटोची आठवण मी काढली नाही.

रिक्षावाला आरशातून सगळं बघत होता. "तात्या, कुठलं म्हणायचं?" गाव सांगितल्यावर तो सरसावून बसला. तो सांगोल्याकडचा. दोन जर्सी, एक म्हैस, भाऊ बघतो. "ठोंबं आणलीती औंदा, पण उगवलीच न्हाईत हो. गोणपाटात काय हाय?"

पुढचा सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला. मागून हॉर्न वाजत होते. तात्यांनी भारा सोडून एक कांडी काढली आणि पुढे केली.

"दोन डोळ्यांची हाय बघ. तिरकी लावायची. एक डोळा मातीत, एक डोळा वर."

रिक्षावाल्याने कांडी हातात घेतली, फिरवून बघितली, मग आरशात तात्यांचं तोंड बघितलं. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, एक उघडा.

"म्हंजी तुमच्यागत."

"व्हय," तात्या म्हणाले. "फकस्त ह्याला पाणी चालत न्हाई. कांडीला लगीच द्यायचं."